रौद्राच्या पोटी करुण

१३ फेब्रुवारी १९७०, वार शुक्रवार. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या बँडची पहिली तबकडी त्या दिवशी बाजारात आली. तबकडीचं नाव ब्लॅक सॅबथ, तिच्यातल्या पहिल्या गाण्याचं नावही ब्लॅक सॅबथ. सुरुवातीला पाऊस पडतो, ढग गडगडतात, लांब कुठेतरी घंटा वाजते आणि मग गिटार तीन स्वर वाजवते. हे तीन स्वर कुठल्याही भजनाच्या पेटीवर निघतात. पांढरी एकचा षड्ज धरायचा. आधी खालचा सा, मग तार सा, आणि तिथून उतरून काळी तीन, म्हणजे तीव्र मध्यम. त्यावर थरथरत थांबायचं आणि पुढे कुठेही जायचं नाही. आमच्या वाडीच्या भजनात मी पेटी वाजवतो. बुवा यायचे असतात, टाळ अजून पिशवीतच असतात, तेव्हा मी कधीकधी हे तीन स्वर हळूच वाजवून बघतो. पखवाजाला कणीक लावता लावता पखवाजवाला मान वर करतो आणि विचारतो, "काय रे, कोण गेलं?"

तीव्र मध्यम आपल्याला परका नाही. यमनात तो लाडका असतो, पूरियात आणि मारव्यात जिवाला घोर लावतो. भातखंड्यांनी रागांच्या वेळांचा जो हिशोब मांडला त्यात शुद्ध मध्यमाचा कल सकाळकडे आणि तीव्र मध्यमाचा संध्याकाळकडे, रात्रीकडे. दिवेलागणीचा स्वर तो हाच. मात्र आपल्याकडे त्याच्या आगेमागे गंधार, धैवत, निषाद असं गणगोत असतं, त्याला पुन्हा घरी आणून सोडणारं. सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी याने त्याला एकट्याला वेशीबाहेर उभं केलं. मध्ययुगातल्या चर्चने या स्वरांतरावर म्हणे बंदी घातली होती, ही कथा मेटलवरच्या दर दुसऱ्या लेखात भेटते. तिला धड पुरावा नाही, पण ती मरतही नाही. भुताटकीच्या संगीताला भुताटकीचीच कुळकथा शोभते, म्हणून असेल.

आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा असताना, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक नेलं. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. आगीत दोन बोटं निकामी झालेला हा जिप्सी गिटारवादक उरलेल्या बोटांवर युरोप गाजवून गेला होता. मग आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामड्याचा तुकडा चिकटवला. तारा पातळ लावल्या. तरी दुखायचं, म्हणून पुढे तारा सैल सोडून सूरच खाली आणला. १९७१च्या तिसऱ्या अल्बममधल्या काही गाण्यांत गिटार दीड स्वर खाली उतरलेली आहे. हेवी मेटलचा जो जडपणा म्हणतात तो असा आला. त्यात सैतानाचा हात किती होता ते माहीत नाही. कामगाराचा मात्र होता, आणि तोही दुखावलेला.

माझे धाकटे चुलते, आबाकाका, लालबागला एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरणगावातल्या गाववाल्यांच्या खोल्यांमधून कोकणातली माणसं ट्रंका बांधून परत आली. आबाकाकाही आले, रत्नागिरीत भाट्याच्या खाडीपलीकडे पावसच्या रस्त्याला आमचं घर आहे तिथे. कानाने अधू झाले होते. साचाखात्यातल्या माणसाचं ते ठरलेलंच. शेकडो साचे एकदम धडधडतात तिथे एकमेकांचं बोलणं ओठांवरून ओळखायचं असतं. घरी आल्यावरही ते समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून ऐकायचे, त्यामुळे आम्हा पोरांना वाटायचं, हे आपल्यावर नजर ठेवून आहेत.

राजिवड्यातल्या माझ्या एका वर्गमित्राचा भाऊ बोटीवर होता. तो परदेशातल्या बंदरांवरून कॅसेटी आणायचा. त्यांच्यावरून भरलेल्या, मग त्या भरलेल्यांवरून भरलेल्या, अशा त्या आमच्या हाती पडेपर्यंत आवाज पार बसलेला असायचा. सॅबथ तशीच आली. पावसाळ्याचे दिवस होते, पडवीत टेप लावला होता, आणि बाहेरचा पाऊस कुठला, कॅसेटमधला कुठला ते कळत नव्हतं. आबाकाका भिंतीला टेकून चहा पीत होते. बराच वेळ ऐकून म्हणाले, "साचाखातं आहे हे."

"काका, गाणं आहे. इंग्लिश."

"असू दे की. पाळी सुरू होताना एकेक साचा लागत जातो, तसं वाजतंय. आणि तो माणूस रडतोय की ओरडतोय?"

मी म्हटलं, "दोन्ही."

"मग बरोबर आहे," म्हणाले आणि कपबशी आत ठेवायला गेले.

रडतोय की ओरडतोय हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला तो राहिलाच. त्याचं उत्तर मला फार पुढे, नको तिथे सापडलं. मी काही संस्कृतचा माणूस नव्हे, पण वाचनालयात नाट्यशास्त्राचं मराठी भाषांतर हाती लागलं आणि सहाव्या अध्यायात भरताने रसांची वंशावळ दिलेली दिसली. मूळ रस चार : शृंगार, रौद्र, वीर आणि बीभत्स. बाकीचे चार यांच्या पोटचे. शृंगारातून हास्य, वीरातून अद्भुत, बीभत्सातून भयानक आणि रौद्रातून करुण. रौद्राच्या हातून जे घडतं त्याचं फळ म्हणजे करुण, असा त्याचा खुलासा. लढाई रौद्र असते आणि लढाईनंतरच्या मैदानात जे उरतं ते करुण. मेटल आणि गॉथिक रॉक यांची गाठ कशी पडली यावर इंग्रजीत पुष्कळ लिहिलं गेलंय. कुणी कुणाचं काय उचललं याच्या याद्या आहेत, आद्य मान कुणाचा यावर हमरीतुमरी आहे. मला त्या सगळ्यापेक्षा भरताची ही वंशावळ जास्त उपयोगी पडते.

सॅबथच्या त्या पहिल्या गाण्यात रौद्र, भयानक आणि करुण एका छपराखाली होते. त्यांचा गवई ऑझी ऑझबर्न त्यात कुणाला धमकावत नाही. तो स्वतःच घाबरलेला आहे, गयावया करतो आहे. नंतर कोकणातल्या कुठल्याही घरात होतात तशा वाटण्या झाल्या. चुली वेगळ्या झाल्या, परसातली विहीर तेवढी सामाईक राहिली आणि तिच्यावर यायच्या वेळा दोघांनी अशा लावून घेतल्या की एकमेकांचं तोंड दिसू नये.

मेटलच्या वाट्याला रौद्र गेला. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून गाणी वेगवान होत गेली, ऐंशीच्या दशकात थ्रॅश आलं आणि मग फ्लोरिडातून डेथ मेटल आलं : घशाच्या तळातून काढलेली गुरगुर, सडलेली प्रेतं, आतडी, शवविच्छेदन. हा तर शुद्ध बीभत्स. भरताच्या हिशोबाने त्यातून भयानक उपजायला हवा होता. माझ्या मते तो फार थोड्या वेळा उपजला. पुष्कळदा कौतुक वाटतं, चक्रावायला होतं, हसूही येतं, पण भीती वाटत नाही.

गॉथिक रॉक जन्मलं ते पंकच्या घरात. नॉर्थॅम्प्टनच्या बाउहाउस या बँडने १९७९च्या जानेवारीत स्टुडिओत जाऊन एक गाणं केलं आणि त्याच ऑगस्टमध्ये ते बाहेर आलं. विषय बेला लुगोसीचा मृत्यू. लुगोसी म्हणजे १९३१च्या सिनेमातला ड्रॅक्युला, जो १९५६मध्ये वारला आणि ड्रॅक्युलाचा झगा घालूनच पुरला गेला. साडेनऊ मिनिटांच्या वर चालणारं हे गाणं मी अनेकदा रात्री ऐकलंय. आधी नुसती ड्रमच्या कडेवर काठीची टिकटिक. मग बास गिटार पायऱ्या उतरावी तशी उतरत येते. गिटार कुठलीच चाल वाजवत नाही, तारा खरवडते आणि तो खरवडा प्रतिध्वनीत लांबवर भिरकावून देते. गवई तोंड उघडतो तोवर जवळपास तीन मिनिटं उलटलेली असतात. यात जोर कुठेच नाही. आयोमी जे पाच-सहा थर रचून करतो ते इथे रिकाम्या जागेने केलंय. मेटलवाल्यांना रिकामी जागा दिसली की ती भरल्याशिवाय चैन पडत नाही, तिथे बाउहाउसने ती तशीच ठेवली.

पुढे सूझी अँड द बॅन्शीज, द क्युअर, १९८२मध्ये लंडनच्या सोहोत उघडलेला बॅटकेव्ह हा क्लब, पांढरे केलेले चेहरे, काजळ आणि काळे कपडे. नाट्यशास्त्रात रसांचे रंगही दिलेत. भयानकाचा काळा, करुणाचा कपोत म्हणजे पारव्याचा राखाडी, आणि शृंगाराचा श्याम. त्या पोरापोरींचे काळे कपडे मला भयानकाचे कधी वाटले नाहीत. ते शृंगाराचे होते, विरहातल्या शृंगाराचे. मेटलवाल्यांना ही मंडळी नटवी वाटायची, आणि यांना मेटलवाले म्हणजे केस वाढवून लांबच लांब सोलो बडवणारे अडाणी. दोन्ही तक्रारींत तथ्य होतं.

विहिरीवर पहिली गाठ कुणाची पडली? ब्रॅडफर्डला १९८१मध्ये सदर्न डेथ कल्ट नावाचा गॉथ वळणाचा बँड निघाला. त्यातूनच पुढे द कल्ट झाला. १९८५च्या ‘लव्ह’मध्ये दोन्ही घरांचा वास आहे, पण दोनच वर्षांनी ‘इलेक्ट्रिक’मध्ये त्यांनी सरळ हार्ड रॉकची वाट धरली. याला मी भेट म्हणत नाही, हे कुंपण ओलांडून पलीकडे राहायला जाणं झालं. अमेरिकेत ग्लेन डॅनझिगने मिसफिट्स सोडून सॅमहेन काढला, तो जास्त मुरलेला होता, आणि त्यातूनच पुढे त्याच्या आडनावाचा मेटल बँड झाला. मेटलच्या बाजूने खरं धाडस केलं ते स्वित्झर्लंडच्या केल्टिक फ्रॉस्टने. १९८७च्या ‘इनटू द पँडेमोनियम’मध्ये त्यांनी वॉल ऑफ वूडू या न्यू वेव्ह बँडचं गाणं घेतलं, ड्रम मशीन घेतलं, व्हायोलिनं घेतली आणि बोदलेअरची फ्रेंच कविता बाईच्या आवाजात वाचून घेतली. सगळं जमलेलं नाही. पंगतीत एकाच पानात बासुंदी आणि सुकटीची चटणी वाढल्याचा भास काही ठिकाणी होतो. पण त्या आधी हे पदार्थ एका स्वयंपाकघरात शिजू शकतात असंच कुणाला वाटलं नव्हतं.

इथे थोडा नकाशा बघावा लागतो. इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशर आहे. त्याच्या पश्चिम भागात लीड्स, ब्रॅडफर्ड, हॅलिफॅक्स, ड्यूजबरी ही लोकरीच्या आणि कापडाच्या गिरण्यांची गावं एकमेकांना खेटून आहेत. लीड्समध्ये सिस्टर्स ऑफ मर्सी हा बँड होता. त्यांनी ड्रमर ठेवलाच नाही, डॉक्टर अ‍ॅव्हलांच असं नाव दिलेलं एक ड्रम मशीन ठेवलं. ते न चुकता, न थकता, न भारावता वाजतं, आणि त्यावर अँड्र्यू एल्ड्रिचचा खर्जातला आवाज. आपण गॉथ नाहीच असं एल्ड्रिच जन्मभर सांगत आलाय, आणि सगळं गॉथ जग त्याला आपला मानतं. १९८५चा पहिला अल्बम करुण आहे, १९९०च्या ‘व्हिजन थिंग’मध्ये गिटारी मेटलच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या आहेत. ब्रॅडफर्डपासून दहा-बारा मैलांवर हॉवर्थ हे डोंगरावरचं गाव. तिथल्या पाद्र्याच्या घरात एमिली ब्राँटेने जी एकच कादंबरी लिहिली, ती १८४७ साली छापली गेली, आणि तिच्यात एक मेलेली मुलगी वादळी रात्री खिडकीशी येऊन आत घ्या म्हणते. पूर्वेला समुद्रकाठी व्हिटबी. ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला १८९७मध्ये बोटीतून उतरला तो त्याच बंदरात. थोडक्यात, तिथल्या पोरांना गॉथिक शिकायला लंडनला जायची गरज नव्हती. ते त्यांच्या गावदेवाच्या हद्दीतच होतं.

हॅलिफॅक्सला १९८८मध्ये पाच पोरांनी पॅराडाइज लॉस्ट नावाचा बँड काढला. होता डेथ मेटलचाच, पण संथ. ड्यूजबरीतल्या पीसव्हिल या छोट्या कंपनीने १९९०मध्ये त्यांचा पहिला अल्बम काढला आणि १९९१मध्ये दुसरा. दुसऱ्याचं नाव त्यांनी ‘गॉथिक’ ठेवलं. मेटलच्या दुकानात हे नाव टांगायला तेव्हा हिंमत लागत होती. पुढे एका अख्ख्या प्रकाराला त्याच नावाने ओळखू लागले.

शीर्षकगीत ऐकताना मी कान तीन थरांवर लावतो. तळाला ताल धरणाऱ्या गिटारी, खाली उतरवलेल्या, जाड, सावकाश, सॅबथच्या सख्ख्या. त्यांच्यावर निक होम्सची गुरगुर, शब्द कळू नयेत अशी. इथवर रौद्र. पण त्याच्याही वर ग्रेगर मॅकिन्टॉशची गिटार आहे, आणि ती सोलो मारत नाही. ती एक साधी, लांब, मींड घेत जाणारी ओळ धरते आणि गुरगुरणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून तीच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहते. मयताच्या घरी बायका एका चालीत रडतात, तसलं ते वाजवणं. मधूनच सारा मेरियन या गायिकेचा आवाज येतो आणि कीबोर्डवरची स्वस्त तंतुवाद्यं. हो, स्वस्तच. खरा वाद्यवृंद भाड्याने घ्यायला पैसे कुठे होते? त्या आवाजाला जरा पत्र्याचा वास आहे, आणि मला तो अख्ख्या अल्बममध्ये सगळ्यात प्रिय आहे. रडतोय की ओरडतोय असं आबाकाकांनी विचारलं होतं. इथे दोन्ही कामं वाटून दिलेली आहेत. गळा ओरडतो, गिटार रडते, आणि रडण्याचं कारण ते ओरडणंच आहे. बाउहाउसने मेटलला काही दिलं असेल तर ते एवढंच, की ओरडून झाल्यावर थांबायचं आणि काय झालं ते बघायचं.

हॅलिफॅक्समध्ये डीन क्लफ नावाचा गालिच्यांचा अवाढव्य कारखाना होता, क्रॉसली घराण्याचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अर्धा मैल. ही पोरं शाळेत असताना, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, तो बंद पडला. म्हणजे आबाकाकांची ट्रंक गावाला आली त्याच सुमाराला. याच्यावरून ‘गॉथिक’ हा बेकारीचा अल्बम आहे असं कुणी म्हणेल तर मी म्हणणार नाही. एवढी सरळ रेघ माणसाच्या डोक्यात कुणी मारू नये. लालबागचे साचे थांबल्यावर त्यातून मेटल निघालं नाही, नारायण सुर्व्यांची कविता तर त्याच्याही आधीची होती. पण बंद गिरणीच्या भिंतीला लागून ज्याची शाळेची वाट जाते त्याला आवाज थांबल्यानंतरचा आवाज ओळखीचा असतो. आबाकाका संपानंतर कितीतरी वर्षं पहाटे पाळीच्या वेळेला उठून बसायचे. भोंगा होत नाही म्हणून जाग येते, म्हणायचे.

नंतरचं मी थोडक्यात सांगतो, कारण नंतरचं मला थोडक्यातच आवडतं. ब्रॅडफर्डच्या माय डाइंग ब्राइडने व्हायोलिन आणलं, लिव्हरपूलच्या अ‍ॅनाथेमाने संथपणा आणखी ताणला. ब्रुकलिनमध्ये टाइप ओ निगेटिव्हने १९९३मध्ये ‘ब्लडी किसेस’ काढला. त्यांचा गवई पीटर स्टील हा साडेसहा फुटांच्या वरचा माणूस न्यूयॉर्कच्या उद्यान खात्यात नोकरीला होता. या अल्बमातलं त्यांचं गाजलेलं गाणं केस काळे करण्याच्या रंगाच्या नावावर आहे आणि आरशापुढून न हलणाऱ्या गॉथ मुलीची त्यात थट्टा आहे. गॉथमध्ये बुडालेला माणूस गॉथला हसतो, हे मला त्याच्या सगळ्या खर्जापेक्षा मोठं वाटतं. १९९५नंतर पुरुषाची गुरगुर आणि बाईचा गोड आवाज ही जोडी ठरून गेली, साचा पडला, आणि युरोपभर कापडाचे ठाण निघावेत तसे अल्बम निघाले. त्यांत गुरगुर ही सजावट झाली. रौद्रच उरला नाही तर त्याच्या पोटी करुण कुठून येणार? पॅराडाइज लॉस्टने स्वतःही एव्हाना गुरगुर सोडून दिली होती, पण त्यांना काय सोडतोय ते माहीत होतं.

हे सगळं रत्नागिरीत बसून ऐकणाऱ्याला कधी परकं का वाटलं नाही, असं मला मुंबईचे मित्र विचारतात. त्यांना वाटतं, पाऊस आणि भुतं हे उत्तर आहे. पावसाचं मला पटत नाही. यॉर्कशरचा पाऊस वर्षभर रिपरिपतो, आमचा चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर ओतून मोकळा होतो. त्याचा स्वभावच रौद्र. भुतांचं मात्र थोडं खरं आहे, पण ती भीतीदायक आहेत म्हणून नव्हे. आमच्याकडचं भूत म्हणजे बहुतेक वेळा कुणाची तरी राहून गेलेली इच्छा. वाटणीत फसवलेला भाऊ, बाळंतपणात गेलेली सून, मुंजीनंतर सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा. त्याला घाबरायचं आणि त्याच्यासाठी हळहळायचंही, गाऱ्हाणं घालून नारळ द्यायचा. चिं. त्र्यं. खानोलकरांनी हे जेवढं ओळखलं तेवढं मराठीत कुणी ओळखलं नाही. त्यांचं वेंगुर्लं तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होतं, सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. ‘रात्र काळी घागर काळी’ किंवा ‘कोंडुरा’ वाचताना भय कुठे संपतं आणि शोक कुठे सुरू होतो हे मला अजून सांगता येत नाही. गॉथिक शब्द न वापरता हे लिहिलेलं आहे, आणि हॅलिफॅक्सच्या पोरांच्या जन्माआधी लिहिलेलं आहे. थिबा राजवाड्याचं नाव लोक या संदर्भात घेतात, ते मला जरा उथळ वाटतं. ब्रह्मदेशाचा राजा १८८६मध्ये कैदी म्हणून रत्नागिरीत आला, त्याच्यासाठी १९१०मध्ये तो वाडा बांधून झाला आणि १९१६मध्ये तो इथेच वारला. हे दुःख पुरेसं आहे, त्यात वटवाघळं सोडायची गरज नाही.

महाराष्ट्रात मेटल मुंबईत वाढलं. धोबी तलावच्या रंगभवनात १९८६पासून इंडिपेन्डन्स रॉक भरायचं. तिथे सगळा रौद्र, तोही घाम गाळून मन लावून केलेला. करुणाकडे वळलेलं तिथे मी फारसं ऐकलं नाही. मुंबईच्याच डिमॉनिक रिझरेक्शन या बँडने २०१७मध्ये ‘दशावतार’ नावाचा अल्बम काढला, एकेका अवतारावर एकेक गाणं. मत्स्यावताराचं गाणं मी उत्सुकतेने ऐकलं, कारण मत्स्याने ज्याला मारलं तो शंखासुर आमच्याकडे दर शिमग्याला घरी येतो. वेद चोरणारा राक्षस हा. आमच्या खेळ्यांमध्ये त्याला संकासूर म्हणतात : अंगभर काळा वेष, डोक्यावर शंकूसारखं उंच निमुळतं टोपडं, लोंबती लाल जीभ, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. जगातल्या कुठल्याही गॉथने बघत राहावं असं सोंग. आणि त्याचं काम काय? हसवणं. पोरं त्याला चिडवतात, तो त्यांच्यामागे लागतो. अल्बम दणदणीत आहे, पण गाणी देवांच्या बाजूने आहेत. संकासुराच्या बाजूने कुणी तरी गायला हवं होतं असं मला वाटत राहिलं.

आमच्या वाडीच्या नमन-खेळ्यांत आता पेटीबरोबर कीबोर्डही आलाय. तो वाजवणारा मुलगा आयटीआयला आहे, हुशार आहे, त्याला मी ‘गॉथिक’ ऐकवला होता. गेल्या शिमग्याला संकासुराच्या प्रवेशाला त्याने मृदंग थांबवायला लावला आणि तंतुवाद्यांचा आवाज लावून सावकाश, खालच्या सुरात एक ओळ धरली. पत्र्याचा वास असलेलाच आवाज तो. मला भरून आलं. अंगणात पुढे बसलेली पोरं गप्प झाली, एकीने आईचा पदर धरला. संकासूर दोन पावलं नाचला आणि थांबला. टोपड्याच्या आतून, रोज रिक्षा चालवणाऱ्या माणसाच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "बंद कर रे ते रडगाणं. पोरं हसली नाहीत तर मी कशाला आलोय?" मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी मृदंगवाल्याला खूण केली, थाप पडली, आणि संकासूर घुंगरं खुळखुळवत पोरांमागे धावत सुटला.